जुनी व्हॅन रस्त्यावर आणताना: आधी ब्रेक, मग इंजिन

बरीच वर्षं उभी असलेली जुनी व्हॅन हाती आली की पहिला मोह होतो तो इंजिन सुरू करून बघण्याचा. तो आवरा. थांबता न येणारी गाडी सुरू करून काही साधत नाही, हे झालं उघड कारण. दुसरं कारण तेवढंच महत्त्वाचं आहे. ‘पिकअप नाही’, ‘इंजिन तापतं’, ‘पेट्रोल फार खाते’ या तक्रारींचं मूळ कित्येकदा इंजिनात नसतंच. एखादं चाक ब्रेकनं धरून ठेवलेलं असतं आणि इंजिन ते ओझं ओढत असतं. ब्रेकला सर्व्हो (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारं उपकरण) असेल तर त्याची चिरलेली व्हॅक्यूम नळी थेट आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं, बिघडवते. म्हणून चारही चाकं मोकळी फिरतात आणि पेडल पक्कं लागतं याची खात्री झाल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

इथले आकडे फोक्सवॅगन टाइप-२ व्हॅनचे आहेत: मागच्या बाजूला बसवलेलं, हवेवर थंड होणारं, चार आडव्या सिलिंडरचं १६०० सीसी इंजिन, ज्याचा पंखा उभ्या पत्र्याच्या पेटीत असतो. याच व्हॅनला पुढच्या काळात १७००, १८०० आणि २००० सीसीची चपटी इंजिनंही आली. त्यांचे आकडे वेगळे. तुमची व्हॅन दुसऱ्या कंपनीची असेल तर तपासणीचा क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

हत्यारं आणि गाडी उचलणं

साधे पाने-स्क्रूड्रायव्हर तुमच्याकडे असतीलच. त्यात भर घाला ती फीलर गेज, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, २१ मिमीचा प्लग पाना आणि ११ मिमीचा फ्लेअर पाना यांची. शेवटचा पाना स्वस्तात टाळू नका. ब्रेक पाइपचे जुने नट मऊ आणि गंजलेले असतात. साध्या उघड्या पान्यानं त्यांचे कोपरे गोल होतात आणि मग दहा मिनिटांच्या कामापायी अख्खा पाइप बदलावा लागतो. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक नटावर आणि निपलवर (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू) गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गाडी जॅकवर उचला, पण काम स्टँडवर टेकवूनच करा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचा भाग उचलला की तो निरुपयोगी होतो आणि गाडीला धरायला पुढच्या चाकांची लाकडी उटी (चाक सरकू नये म्हणून लावलेले ठोकळे) तेवढी उरते. सपाट, पक्क्या जमिनीवर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. ती नसताना व्हॅनच्या खाली जाऊ नका.

ब्रेकची धूळ हवेच्या झोतानं उडवू नका, फुंकू तर मुळीच नका. जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरनं किंवा पाण्यानं धूळ ओली करा, फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

पेडल काय सांगतं

गाडी उभी, इंजिन बंद. पेडल हळू दाबा आणि पायाला काय जाणवतं ते लक्षात घ्या.

पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, पण दोन-तीनदा पंपिंग केल्यावर वर आलं आणि कडक लागलं, तर ब्रेकचे शू आणि ते आतून ज्याला घासतात तो, चाकाबरोबर फिरणारा ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. ही ॲडजस्टमेंटची बाब आहे. पंपिंगनं वर येऊनही ते स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, एवढंच त्यामागचं कारण.

एकसारखा दाब ठेवल्यावर पेडल हळूहळू तळाकडे सरकत असेल तर तेल कुठून तरी निसटतंय. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली असेल तर गळती बाहेर आहे. पातळी तशीच आणि कुठे ओलही नाही, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की चारही चाकांकडे तेल ढकलणारा सिलिंडर) आतलं रबर तेल मागे सोडतंय. असा मास्टर सिलिंडर बदलाच, त्याला दुसरा इलाज नाही.

पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र थांबत नाही, तर लायनरवर तेल-ग्रीस आलंय, लायनर चकचकीत झालंय, व्हील सिलिंडर (चाकातले, शू बाहेर ढकलणारे) जाम आहेत किंवा सर्व्हो निकामी आहे. सर्व्हो तपासायला इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर आधी सर्व्होकडे जाणारी नळी आणि तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह बघा; सर्व्होचा विचार त्यानंतर.

गळती शोधणं

चारही चाकं काढा आणि प्रत्येक ब्रेक प्लेटची खालची कड आणि टायरची आतली बाजू बघा. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या टोकांवरचे रबरी बूट नखानं उचला. आत ओल दिसली तर तो सिलिंडर गेला. मागच्या चाकाशी सापडलेलं तेल ब्रेकचं की गिअरचं हा प्रश्न नेहमी पडतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं आणि धुऊन जातं. गिअर ऑइल पाण्यावर तरंगतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. गिअर ऑइल असेल तर दोष ॲक्सलच्या सीलचा. सील न बदलता नवे शू बसवलेत तर आठवड्याभरात तेही तेलात भिजतील. तेलात भिजलेला लायनर धुऊन, जाळून किंवा घासून वाचत नाही, कारण तेल आतपर्यंत मुरलेलं असतं.

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी शूचे ॲडजस्टर पूर्ण सैल करा. झिजलेल्या ड्रमच्या कडेला ओठ तयार होतो आणि शू त्याला अडकतात. काही ठरावीक वर्षांत बनलेल्या गाड्यांत मागचा ड्रम दोन स्क्रू काढले की सुटतो. काहींत मधला मोठा नट काढावा लागतो, तो बहुतेक ४६ मिमीचा असतो. परत बसवताना हा नट ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आवळायचा असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा. मागे सोडून जुळवायचं नाही: नट सैल राहिला की ड्रमच्या आतल्या ॲक्सलला धरणाऱ्या खाचा हळूहळू खाल्ल्या जातात आणि एक दिवस ॲक्सल ड्रमच्या आत नुसताच फिरू लागतो.

आणखी दोन जागा विसरल्या जातात. एक म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडवरचा बूट: तो सोलून आत बोट घाला, ओलं लागायला नको. दुसरी म्हणजे ब्रेक लाइटचा स्विच. या व्हॅनमध्ये तो मास्टर सिलिंडरवरच बसतो आणि तेलाच्या दाबानं चालतो. जुना झाला की त्याच्या पिनांमधून तेल झिरपतं.

सर्किट एकेरी आहे की दुहेरी, म्हणजे चारही चाकांना तेलाची एकच वाट आहे की दोन वेगळ्या, तेही याच वेळी बघून ठेवा. एकेरी सर्किटच्या जुन्या गाड्यांत एका चाकाचा पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात. अशा गाडीत ‘हा होज अजून चालेल’ असं म्हणणं परवडत नाही. रबरी होज चिरलेले, फुगलेले किंवा कधी बदलले ते माहीत नसलेले असतील तर सगळे बदला. व्हील सिलिंडरही एकाच ॲक्सलवरचे दोन्ही एकत्र बदला. आतून घासून नवं रबर घालण्याची पद्धत आहे खरी, पण आत गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर त्यांवर टिकत नाही. त्यापेक्षा नवे घेतलेले बरे.

ड्रम ब्रेक ॲडजस्ट करणं

मागच्या दोन चाकांत मिळून चार ठिकाणी हे काम आहे. पुढेही ड्रम असतील तर तिथेही. ऑगस्ट १९७० पासूनच्या व्हॅनना पुढे डिस्क आहेत आणि त्यांना ही ॲडजस्टमेंट लागत नाही.

१. आधी हँडब्रेकची केबल सैल करा. ती ताणलेली असेल तर शू आधीच बाहेर ढकललेले असतात आणि तुमचं माप चुकतं.

२. ब्रेक प्लेटवरच्या भोकाचं रबरी बूच काढा. आत दातेरी चाक दिसेल. प्रत्येक शूला स्वतंत्र चाक आहे, म्हणजे एका ड्रममागे दोन.

३. सपाट स्क्रूड्रायव्हरनं एकेक दात सरकवत रोडव्हील हातानं फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा. कोणत्या बाजूनं घट्ट होतं हे जागेनुसार बदलतं, त्यामुळे दोन्हीकडे फिरवून बघा.

४. पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू ड्रममध्ये मध्यावर बसतील. चाक पुन्हा फिरू लागलं तर अजून घट्ट करा.

५. आता दोन-तीन दात सोडा. चाक मोकळं फिरलं पाहिजे. मधूनच घासल्याचा हलका आवाज आला तरी चालेल. दुसऱ्या शूला हेच करा.

६. सगळ्या ड्रमांचं काम झाल्यावर हँडब्रेकची केबल ताणा. तीन-चार टकटकींत मागची दोन्ही चाकं सारखी धरली गेली पाहिजेत.

दातेरी चाक जाम असेल तर जोर करून दात तोडू नका. ड्रम काढा, ॲडजस्टर सोडवून आटे साफ करा आणि उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस अगदी थोडं लावून परत बसवा.

एअर काढणं

डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं, नवीन सीलबंद डब्यातलं ब्रेक ऑइल घ्या. पूर्ण तेल बदलायला १ लिटर पुरतं. हे तेल हवेतला दमटपणा शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मग लांब उतारावर तेल उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल आहे, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा ग्रीसचा थेंबही ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. हेच ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं तर पेंट सोलतं. लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, सर्वांत जवळचं शेवटी.

१. निपल साफ करा, त्यावर पारदर्शक नळी बसवा आणि नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

२. साथीदारानं पेडल हळू दाबून धरायचं. तुम्ही निपल अर्धा आटा सोडा.

३. तेल येणं थांबलं की निपल बंद करा आणि तेव्हाच साथीदाराला पाय उचलायला सांगा. हा क्रम चुकला की हवा परत आत ओढली जाते.

४. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हेच चालू ठेवा. दर सात-आठ दाबांनंतर टाकी भरा. ती एकदा रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

यात एक खाच आहे. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या भागात जात नाही, तिथे गंज साचतो, आणि तेवढ्या भागात पहिल्यांदाच शिरलेलं रबर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. ‘एअर काढली आणि मास्टरच गेला’ ही तक्रार बहुधा इथून येते.

ब्रेक पकडून राहतो तेव्हा

नवशिक्यांना सर्वांत जास्त फसवणारा दोष हाच. गाडी जड वाटते, चढावर दम टाकते, इंजिनाचं तेल तापतं आणि सगळे कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतात.

चाकं उचला, पेडल दाबून सोडा आणि प्रत्येक चाक फिरवा. एखादं अडकलं असेल तर त्याचा निपल उघडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब कोंडलेला होता. चिळकांडी नाही आणि चाक तसंच, तर दोष यांत्रिक आहे: जाम पिस्टन, तुटलेली स्प्रिंग, ताणलेली हँडब्रेक केबल किंवा फार घट्ट ॲडजस्टमेंट.

दाब कोंडला होता असं ठरलं की तो कुठे कोंडला ते शोधायचं. पुन्हा पेडल दाबून सोडा आणि या वेळी त्या चाकाच्या रबरी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टरकडचा जोड सैल करा. चाक तरीही अडकलेलंच राहिलं तर होज गेला. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजलेला असतो. पायाच्या जोरानं तेल पलीकडे जातं, स्प्रिंगच्या जोरानं परत येत नाही. जोड सैल केल्यावर चाक सुटलं तर कोंडी त्याच्याही आधी, मास्टर सिलिंडरमध्ये आहे.

मास्टरची कोंडी बहुतेक वेळा पुशरॉडच्या मापाची असते. पेडल सोडलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिमी मोकळं अंतर हवं. पायाखाली ते ५ ते ७ मिमी जाणवतं. अंतर नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. गाडी चालते तसं तेल तापून प्रसरण पावतं, त्याला परतीची वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातात. थंड झाल्यावर सगळं ठीक! ‘गरम झाली की जड होते’ हे वाक्य ऐकलं की आधी हे अंतर मोजा.

ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर जिकडे ओढते ती बाजू सहसा चांगली असते, दोष पलीकडच्या चाकात शोधा. त्याआधी दोन्ही टायरमधली हवा सारखी करा. पेडल पायाखाली थरथरत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर तो सारखा करता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पलीकडे नाही.

इंजिन: आधी आग, गळती आणि बेल्ट

चावी फिरवण्याआधी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. सगळ्या. या व्हॅन जळण्याचं नेहमीचं कारण चिरलेली नळी हेच आहे. गळणारं पेट्रोल गरम इंजिनावर आणि डिस्ट्रिब्युटरच्या ठिणग्यांजवळ पडतं. इंजिन मागे असल्यानं चालवणाऱ्याला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. इथेनॉल-मिश्रित पेट्रोल चालेल अशीच नळी घ्या आणि प्रत्येक टोकाला क्लॅम्प लावा. कार्ब्युरेटरच्या अंगात ठोकून बसवलेली पितळी नळी हातानं हलवून बघा. ती हलत असेल तर कार्ब्युरेटर काढून आधी ती पक्की करून घ्या. पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या कप्प्यात लोंबकळत ठेवू नका, टाकीजवळ खाली बसवा. अग्निशामक सिलिंडर चालकाच्या हाताशी असू द्या.

फॅन बेल्ट तुटला तर फक्त चार्जिंग जात नाही, पंखाही थांबतो. लाल दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन बंद करायची. बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १५ मिमी दबावा. तो घट्ट करायला वरच्या पुलीच्या दोन अर्ध्यांमधली एक वायसर काढा आणि ती पुलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, फेकू नका.

इंजिन ऑइल २.५ लिटर लागतं. मूळ इंजिनात कागदी फिल्टर नसतो, फक्त जाळी असते; म्हणून दर ५,००० किमीला तेल बदलून जाळी धुवायची. जाळीच्या झाकणाचे सहा छोटे नट फक्त ७ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा. जास्त ताकद लावली की स्टड मऊ धातूतून उपटून येतात. जाळीवर काय सापडतं ते बोटांनी चोळून बघा. चमकदार बारीक कण आणि काळा गाळ चालेल. धातूचे तुकडे दिसले तर इंजिन चालवू नका.

सुरूच होत नाही

स्टार्टर फिरतो का, इथून सुरुवात. विश्रांतीतल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जायला नकोत. बॅटरी चांगली असूनही नुसती टिकटिक होत असेल तर गिअरबॉक्स आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसलेले असल्यानं सगळा करंट तिच्यातून परततो. गरम झाल्यावरच स्टार्टर रुसत असेल तर चावीपासून मागच्या सोलेनॉइडपर्यंतची लांब वायर आणि तिचे जोड संशयित धरा.

स्टार्टर फिरतोय, इंजिन पेटत नाही, मग करंट बघा. टेस्ट लॅम्पची एक बाजू अर्थला, दुसरी कॉईलच्या पॉइंटकडच्या (पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) टर्मिनलला लावा आणि स्टार्टर मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट बंद होत नाहीत किंवा त्यांची टोकं जळलीयत. पेटलाच नाही तर कॉईलला करंट पोचत नाही, किंवा पॉइंटची वायर कुठेतरी अर्थ झालीय. पॉइंटच्या टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर कंडेन्सर बदला. नुसते पॉइंट घासून काही दिवसच निघतात.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर ओढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. नसेल तर फ्लोट चेंबर रिकामा आहे किंवा ॲक्सिलरेटर पंप निकामी.

ट्यूनिंगचा क्रम

टॅपेट (व्हॉल्व्हचं मोकळं अंतर), पॉइंट, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), कार्ब्युरेटर. हा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं माप बदलते. पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंग सरकतं, टायमिंग सरकलं की आयडलिंग बदलतं. उलटा क्रम धरणारे तीच तीन कामं पुन्हा पुन्हा करत बसतात.

टॅपेट सेटिंग पूर्ण थंड इंजिनावर करायचं, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिलेली. १६०० सीसीला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१५ मिमी. व्हॅनच्या मागे उभं राहून पुढे बघितलं तर उजवीकडे पुढचा १, मागचा २. डावीकडे पुढचा ३, मागचा ४. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि रोटर १ नंबरच्या खुणेकडे येईपर्यंत खालची मोठी पुली फिरवा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करा: लॉकनट सैल करा, गेज हलक्या घर्षणानं सरकेल असा स्क्रू ठेवा, लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हलतं. मग पुली घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवा, दुसरा सिलिंडर येतो. अजून अर्धा फेरा, तिसरा. मग चौथा. पेटण्याचा क्रम १-४-३-२ असल्यानं उलटं फिरवलं की सरळ मोजणी मिळते.

ही मापं वहीत लिहून ठेवा. टॅपेट सैल झाला तर आवाज करतो, नुकसान थोडं. घट्ट झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र मुकाट्यानं जळतो. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर प्रत्येक वेळी कमी झालेलं सापडत असेल तर त्याचा दांडा ताणला जातोय किंवा सीट बसतेय. हेड काढून घ्या. व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात. जुन्या पंख्याच्या पेटीत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत बसतो आणि तो सिलिंडर जास्त तापतो, त्यामुळे तिथे बारीक नजर ठेवा.

पॉइंटचं अंतर ०.४० मिमी, ड्वेल (पॉइंट जितके अंश फिरताना बंद राहतात तो कोन) ४४ ते ५० अंश. पॉइंट बसवल्यावर कॅमवर ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका लावा. ग्रीस नसेल तर पॉइंटचं प्लास्टिकचं बोट झिजतं, अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे पडतं.

डिस्ट्रिब्युटरचे प्रकार अनेक असल्यानं आयडलवरचं टायमिंग प्रत्येकाचं वेगळं असतं. सर्वांना लागू पडणारी रीत अशी: व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन ३,५०० आरपीएमपर्यंत न्या आणि टायमिंग लाइटनं कमाल ॲडव्हान्स मोजा. तो २८ ते ३२ अंशांत हवा. ३२ च्या पुढे गेलात तर नॉकिंग होऊन पिस्टन जातो. फार मागे ठेवलंत तर इंजिन आणि एक्झॉस्ट तापतात. पुलीवर एकाहून जास्त खाचा असू शकतात. वरचा मृतबिंदू (टीडीसी, पिस्टन हेडच्या सर्वांत जवळ असतो ती जागा) नेमका कुठला हे आधी पक्कं करून घ्या. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी तोंडानं ओढून जिभेनं बंद धरा: आतली प्लेट सरकून तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते ती त्यामुळेच असू शकते.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. ३४ पिक्ट-३ या नेहमीच्या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूनं आयडल लावायचं नसतं. त्यासाठी बाजूला मोठा बायपास स्क्रू आहे, आणि मिश्रणासाठी छोटा. छोटा हलकेच बंद करून अडीच फेरे उघडा, मोठ्यानं ८५० आरपीएमच्या आसपास आणा, मग छोटा फिरवून सर्वांत जास्त वेग शोधा आणि पुन्हा मोठ्यानं जुळवा. आयडलवर गाडी बंदच पडत असेल तर चावी लावून कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडची वायर काढ-घाल करा. टक् आवाज आला पाहिजे. येत नसेल तर आयडलचं पेट्रोल बंदच आहे आणि स्क्रू फिरवून काही होणार नाही.

आयडल वरखाली होतं, स्क्रूला दाद देत नाही, तर कुठूनतरी हवा शिरतेय. मॅनिफोल्डचे रबरी बूट, कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट आणि सर्व्होची नळी, या तीन जागा. साध्या पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा; इंजिनाचा सूर बदलला की जागा सापडली. ज्वालाग्राही स्प्रे यासाठी वापरू नका.

मिसिंग आणि तापणं

आयडलवर एकेक प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीनं काढा. जी काढून सूर बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. प्लग काळा-कोरडा असेल तर पेट्रोल जास्त, बहुतेक वेळा चोक पूर्ण उघडत नाही. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे. प्लग थंड इंजिनातूनच काढा आणि बसवताना पहिले तीन-चार आटे हातानंच फिरवा. हेड अल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर हेड काढावं लागतं.

कॉम्प्रेशन तपासताना चारही प्लग काढा, कॉईलची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा. साधारण ७ ते ९ बार हे चांगल्या इंजिनाचं लक्षण, पण चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं त्याहून महत्त्वाचं. सिलिंडरमध्ये तेल टाकून रिंग तपासण्याची रीत या इंजिनात भरवशाची नाही: सिलिंडर आडवे आहेत, तेल खालच्या बाजूला साचतं.

तापण्याच्या तक्रारीत इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कप्प्याची रबरी कड यांना लोक शोभेच्या वस्तू समजतात. तेच तर या इंजिनाचं कूलिंग आहे. एखादा पत्रा गायब असला की खालची गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो. पंख्याच्या तोंडाशी फडकं किंवा पालापाचोळा अडकलाय का, ऑइल कूलरच्या फटी धुळीनं बुजल्यायत का, हेही बघा.

इंजिनावर पैसे घालण्याआधी एक शेवटची तपासणी करा. मोठी पुली दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. क्रँकची ही मोकळीक ०.०७ ते ०.१३ मिमी असते आणि ०.१५ ही मर्यादा. ठक् असा आवाज येऊन पुली सरळ सरकताना डोळ्यांना दिसली तर ट्यूनिंगमध्ये वेळ दवडू नका, इंजिन उघडावं लागणार आहे.

पहिली फेरी

रिकाम्या, सपाट रस्त्यावर २० च्या वेगात तीन-चारदा ब्रेक मारा, मग ४० ला. नवे शू बसायला थोडे किलोमीटर लागतात, तोवर थांबायला जास्त अंतर धरा. दहा किलोमीटर चालवल्यावर शेवटचा टप्पा ब्रेक न मारता, गाडी आपोआप मंदावू देत थांबा आणि हाताचा मागचा भाग चारही चाकांच्या मध्याजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांहून गरम लागलं तर ते पकडतंय, परत होज आणि ॲडजस्टमेंटकडे जा. चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा, ब्रेकच्या टाकीतली पातळी बघा, इंजिनाखाली आणि चाकांच्या आत टॉर्च मारून ओल शोधा. ५०० किमीनंतर शू पुन्हा ॲडजस्ट करा आणि थंड इंजिनावर टॅपेट मोजून वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.